तिसऱ्या वाट्याचा माळा

"मॅडम, धावत या. पोलीस भिंतीच्या बुडाशी खणतायत. भिंत बसली तर तिन्ही घरं बसतील."

फोन वॉर्ड ऑफिसच्या शिपायाचा होता. रजनी अवालेने अर्धा चहा तसाच ठेवला, मोजायची टेप आणि टॉर्च पिशवीत टाकली आणि चालत सुटली. पाटणच्या गल्ल्यांत गाडीपेक्षा पाय लवकर पोचतात.

रजनी वॉर्डाची ओव्हरसियर. जुन्या घरांची मोजणी, दुरुस्ती आणि त्यावरून होणारी भांडणं, सगळं शेवटी तिच्याच टेबलावर यायचं. घराणं विटा भाजणाऱ्यांचं. तिच्या बापाच्या भट्टीतल्या विटा अर्ध्या पाटणच्या भिंतींत आहेत, हे ती कुणी न विचारताही सांगायची.

ताम्राकारांचं घर चौकाच्या उत्तरेला होतं. लाल विटांचं, दीडशे वर्षांचं, तीन मजले आणि वर कौलांखाली माळा. आताच्या भावांच्या बापाने ते तीन मुलांत वाटलं होतं, तेही उभं, भोपळ्याच्या फोडी कराव्यात तसं. प्रत्येकाला जमिनीपासून कौलापर्यंत एक फोड. खाली दुकानाची खोली, वर निजायची, तिच्यावर बसायची आणि माळ्यावर चूल. मधली भिंत घालताना दर्शनी कोरीव खिडकी आड आली, तेव्हा बापाने तीही कापली. थोरल्याला तिचे दोन झरोके गेले, मधल्याला तीन. धाकट्याच्या वाट्याला साधी खिडकी आली.

पश्चिमेचा वाटा थोरल्या बेखारत्नचा, मधला पुष्परत्नचा. पूर्वेच्या वाट्यात आता धाकट्याची विधवा राहत होती. सुकुमाया. डोंगरातली, परजातीची तामाङ मुलगी. धाकट्याने बारा वर्षांपूर्वी घरच्यांना न जुमानता तिच्याशी लग्न केलं होतं आणि तीन वर्षांपूर्वी तो तापाने गेला.

तिच्याच तळमजल्यावर दोन पोलीस शिपाई कंबरभर खड्ड्यात उभे होते.

"बाहेर या!" रजनी दारातूनच ओरडली. "पायाच्या विटा उघड्या पडल्यात, दिसत नाही? आधी स्वतःची तिरडी बांधून ठेवा, मग खणा."

शिपाई एका उडीत बाहेर आले. मागून सब-इन्स्पेक्टर डंबर खडका आला. माणूस पश्चिमेकडच्या डोंगरांतला, पाटणमध्ये येऊन जेमतेम सहा महिने झालेला.

"चोरीला काय गेलंय, साहेब?"

"देव."

"कुठला?"

"सांगत नाहीत." खडकाने तक्रारीचा कागद तिच्यापुढे नाचवला. "हे वाचा. वस्तूचं वर्णन, सांगता येत नाही. उंची, सांगता येत नाही. धातू, सांगता येत नाही. हात किती असं विचारलं तर म्हातारा माझ्यावरच हात उगारतो. मी शोधू काय, डोंबल?"

रजनीला हसू आलं नाही. घराण्याचा देव दीक्षा घेतलेल्यांनीच पाहायचा असतो. इतरांना त्याचं नावही ऐकायला मिळत नाही. या घरात दीक्षा घेतलेले आता दोघेच उरले होते, थोरला आणि मधला. तामाङ बायको केली म्हणून धाकट्याला ती मिळालीच नव्हती.

"झालं कसं?"

"देवाची खोली थोरल्याच्या माळ्यावर. परवा सकाळी देव जागेवर होता. काल सकाळी दार उघडलं तर नाही. कुलूप जसंच्या तसं."

"किल्ली?"

"थोरल्याच्या कमरेला असते. पण परवा दुपारी तो कुणाच्या तरी मर्तिकाला गेला होता."

"आणि मर्तिकाला देवाची किल्ली नेत नाहीत. खुंटीला लावून गेला असणार."

"तुम्हाला कसं कळलं?"

"पाटणमध्ये कुणालाही कळेल. घरातल्या प्रत्येकाला तर पाठच असेल. मग या बाईवरच संशय का?"

खडकाने बोटं मोडत सांगितलं. येत्या परवा कुळाची पूजा होती. तिचा प्रसाद आपल्या मुलीलाही मिळावा म्हणून सुकुमाया आठवड्यापूर्वी थोरल्याकडे गेली होती. थोरल्याने नकार दिला. तेव्हा ती भर चौकात म्हणाली, "मग बघतेच तुमचा देव किती दिवस वर बसतो ते!" काल झडती घेतली तर तिच्या पेटीत देवापुढची चांदीची पळी निघाली. काल दुपारपासून ती पोलीस ठाण्यात होती, आत्ताच तिला चौकात आणलं होतं.

"आणि आज चार वाजता सही," खडका म्हणाला. "तिने वाटा सोडल्याचा कागद दिला की थोरला तक्रार मागे घेणार. नाही दिला तर मी तिला आत घालायची. कागद मधल्या भावाने करून आणलाय. म्हणतो, निदान तुरुंग तरी टळेल."

रजनीने घड्याळ पाहिलं. अडीच वाजले होते.

सुकुमाया चौकातल्या विहिरीच्या कठड्याशी बसली होती. डोळे कोरडे, हात मात्र पदराशी चाळा करत होते.

"देव तू नेलास का?" रजनीने सरळच विचारलं.

"दिदी, मी त्याला पाहिलेलंसुद्धा नाही. काळा की गोरा, मला काय ठाऊक?"

"मग तसं बोललीस का?"

"राग आला होता. माझी मुलगी त्याच घराण्याची ना? बापाच्या देवाचा एक दाणा नाही तिला?" तिचा आवाज फाटला. "जीभ घसरली ती घसरली. आता सही केली तर घर जातं, नाही केली तर मी जाते. मुलगी मामाकडे आहे. तिला परत आणू कुठे?"

"तुझ्या माळ्यावर काय आहे?"

"कबुतरं. भूकंपात वरचा जिना निखळला, तो परत बसवलाच नाही. मी चूल खालच्या मजल्यावर आणली. किती वर्षं झाली, वर कुणी गेलेलं नाही."

बेखारत्न ओट्यावर काठी धरून बसला होता. सत्तरी उलटलेला, कपाळ कोरं. देव सापडेपर्यंत घरात कुणी कपाळाला टिळ्याचं बोट लावायचं नाही, असा त्याचा हुकूम होता.

"काका, बाहेरचं कुणी वर आलं होतं?"

"माझ्या माळ्यावर परका माणूस? माझ्या जिवंतपणी?"

"सुकुमाया?"

"ती तर परक्याहून परकी." त्याने काठी आपटली. "शेकडो वर्षं त्याला एक दिवस उपास घडला नाही. काल घडला. आज घडला. याची फळं कोण भोगणार? तू?"

म्हातारा नाटक करत नव्हता, तो खरोखर घाबरलेला होता.

तेवढ्यात पुष्परत्न चहा घेऊन आला. पन्नाशीचा, गोड बोलणारा. सगळ्या चौकात सुकुमायाची बाजू घेणारा तो एकटाच होता.

"घ्या बहिनी, बहिणीसारख्या तुम्ही, उन्हातून आलात. थोरल्या दाइंचं मनावर घेऊ नका. आमची बुहारी, धाकट्याची बायको, स्वभावाने वाईट नाही, कुणीतरी भरीला घातलं असेल तिला."

त्याचंही कपाळ कोरं होतं. पण कप पुढे करणाऱ्या हाताच्या अनामिकेचं नख लालभडक होतं.

"हे काय लागलंय?" रजनीने विचारलं.

"हे? विटेची पूड. सकाळी तांब्याच्या घागरी घासत होतो." तो हसला. "तांबटाचे हात, बहिनी."

रजनीने चहा घेतला.

"तुमचा माळा बघू का? मधल्या भिंतीचं माप हवंय."

"दारातून खुशाल बघा. आत चूल आहे, तुम्हाला ठाऊकच आहे."

ठाऊक होतंच. परक्याने चुलीपाशी जायचं नाही, मग तो ओव्हरसियर असो की इन्स्पेक्टर. कालची झडतीही दारातूनच झाली होती. रजनी तीन उभे जिने चढून गेली आणि उंबऱ्यावर थांबली. स्वच्छ सारवलेला माळा. पूर्वेच्या भिंतीला दर्शनी विटांचं तोंड, तेल पाजल्यासारखं चकचकीत. भिंतीशी पाण्याच्या घागरींची उतरंड, आणि उतरंडीपुढे एकच पाट. जेवायचा पाट चुलीकडे तोंड करून मांडतात. हा भिंतीकडे होता.

ती खाली आली तेव्हा सव्वातीन झाले होते. बेखारत्नच्या मांडीवर कागद होता आणि सुकुमायाच्या हातात कुणीतरी पेन देऊन ठेवलं होतं.

"साहेब, एक शिडी मागवा," रजनी खडकाला हळूच म्हणाली. "जमिनीत खणून काही मिळायचं नाही. बाहेरच्या चोराने नेला असेल तर देव कधीच शहराबाहेर गेला. पण घरच्याने नेला असेल, तर तो त्याला खालच्या मजल्यांवर ठेवणार नाही."

"का?"

"वर माणसं चालतात. देवाच्या डोक्यावर पाय पडू देत नाहीत हे लोक. म्हणून तर देवाची खोली कौलांखाली. घरचा चोर चोरी करेल, पण हे पाप नाही करणार. असे माळे तीन. दोन तुम्ही पाहिलेत."

"आणि तिसऱ्याला जिना नाही!" खडकाचे डोळे चमकले.

बांबूची शिडी सुकुमायाच्या वरच्या मजल्यावर नेऊन टेकवली. माळ्याची फळी बंद होती. रजनीने खालून खांदा लावला. फळी कुरकुरली आणि बोटभर धूळ तिच्या केसांवर सांडली. तिने डोकं वर काढलं, पण पाय टाकायच्या आधी टॉर्च जमिनीवरून सावकाश फिरवली.

धूळ, कबुतरांची शिट, पिसं. पाऊल एकही नाही.

पश्चिमेच्या भिंतीत, म्हणजे पुष्परत्नच्या चुलीमागे, हातभर उंचीचं एक भोक होतं. भोकात लाल कापडात गुंडाळलेलं काहीतरी उभं होतं.

रजनी चार पावलं चालून गेली. कापडाला तिने हात लावला नाही. मान वाकडी करून तिने नुसतं गाठोड्यापलीकडे पाहिलं. भिंतीचा कचरा खाली कुठे पडलाय का, तेही पाहिलं. मग वर कौलं पाहिली.

"सापडला!" खडकाचं डोकं फळीतून वर आलं होतं, आणि त्याचा आवाज खाली चौकापर्यंत गेला. "इथेच आहे! हिच्याच माळ्यावर!"

रजनीने कपाळावर हात मारला.

चौकात एकच कालवा झाला. "बघ! बघ!" बेखारत्न काठी उगारून उभा राहिला. "माझा देव हिच्या कबुतरखान्यात!" सुकुमाया मटकन खाली बसली. "मी नाही, मी नाही," एवढंच ती पुटपुटत होती. पुष्परत्न तिच्याजवळ उकिडवा बसला.

"बुहारी, ऐक माझं. आता काही उरलं नाही. सही कर आणि सुखाने माहेरी जा. दाइंचं मन पुन्हा फिरायच्या आत कर."

तिने पेन कागदावर टेकवलं.

"थांब!" रजनी धापा टाकत आली आणि तिने तो कागद ओढून घेतला. "चार वाजायला वीस मिनिटं आहेत. मला दहा पुरतील. काका, बसा. साहेब, तुम्ही पुष्परत्न दाइंच्या दाराशी उभे राहा. आत कुणालाही जाऊ देऊ नका."

"माझ्या दाराशी का?" पुष्परत्न हसला, पण उठून उभा राहिला.

"सांगते. त्या माळ्यावर खालून कुणी गेलेलं नाही. फळीवर बोटभर धूळ होती, आत पाऊल एक नाही. माझी स्वतःची तेवढी आहेत, साहेबांनी बघावीत."

"मग छपरावरून गेली असेल," पुष्परत्न म्हणाला.

"कौलांखालचा चिखल तसाच आहे, वर गवत माजलंय. एक कौल जरी सरकवलं असतं तरी गवत उपटलं असतं. म्हणजे देव तिथे गेला तो भिंतीतून. पलीकडच्या बाजूने."

"ही भिंत दोघांची आहे. तिनेच तिच्या बाजूने फोडली असेल."

"मग माती कुठे गेली? हातभर भोक पाडलं तर टोपलीभर कच्च्या विटांचा चुरा पडतो. तिच्या बाजूला मूठभरही नाही." रजनीने चौकाच्या कोपऱ्यात पडलेली एक जुनी दर्शनी वीट उचलली. "आणि ही बघा. तोंडाकडे रुंद, मागे निमुळती. तोंडं एकमेकींना चिकटून बसावीत, सांध्यातली माती दिसू नये, म्हणून आम्ही ती अशी पाडतो. भिंतीत बसवली की ती तोंडाच्या बाजूनेच ओढून काढता येते, पाचरीसारखी. मागून कितीही ओढा, येत नाही. त्या भोकाच्या पलीकडे या विटांच्या शेपट्या आहेत, कोरड्या, माती न लावता बसवलेल्या. त्यांची तोंडं कुणाच्या बाजूला आहेत, दाइ?"

पुष्परत्नने दाराशी उभ्या खडकाकडे पाहिलं.

"तुमच्या. उतरंडीमागे. घागरी बाजूला करायच्या, विटा ओढायच्या, काम झालं की परत बसवायच्या. झडती घेणारा उंबरा ओलांडत नाही, हे तुम्हाला पक्कं ठाऊक. देव सापडला तरी तो तिच्या वाट्यात सापडणार. पळी तर तुम्ही आधीच तिच्या पेटीत टाकली होती."

"हा सगळा तर्क झाला," तो म्हणाला. त्याचा गोडवा आता पातळ झाला होता. "मी रोज त्या विटा काढतो हे कुणी पाहिलं?"

"रोज, असं मी म्हटलंच नव्हतं."

पुष्परत्न एक पाऊल मागे सरकला.

"पण खरंय, रोजच," रजनी म्हणाली. "काका, तुमचा देव माळ्याकडे पाठ करून बसलाय. त्याचं तोंड भिंतीकडे, म्हणजे यांच्या चुलीकडे आहे. आणि त्याच्यापुढे, त्या विटांच्या आणि त्याच्या मधल्या वीतभर जागेत, तांदूळ आहेत, फूल आहे, शेंदूर आहे. तांदूळ अजून ओले आहेत. फूल आज सकाळचं आहे. सुकुमाया काल दुपारपासून ठाण्यात होती. आज सकाळी तांदूळ कुणी भिजवले?"

बेखारत्नने काठी खाली ठेवली. त्याचा आवाज एकदम लहान झाला.

"पूजा दीक्षा घेतलेल्यालाच येते. घरात आम्ही दोघेच. माझी भिंत तर त्या बाजूला लागतसुद्धा नाही."

"आणि यांचं नख बघा," रजनी म्हणाली. "म्हणे विटेची पूड! विटेचा रंग मला शिकवता, दाइ? पूड मातकट असते, पाण्याच्या हाताने निघून जाते. हा शेंदूर आहे. कपाळावर लावला नाहीत, पण देवाला लावलात."

बेखारत्न मधल्या भावाकडे वळला.

"पुष्प, तू त्याला जेवू घातलंस?"

आणि तिथे तो माणूस मोडला. पोलिसाला त्याने आणखी तासभर टोलवलं असतं. हा प्रश्न त्याला टोलवता आला नाही.

"उपाशी कसा ठेवणार होतो, दाइ?" तो रडायला लागला. "मी तसा नाही. एक वेळही चुकवली नाही. अंघोळ करून, ओल्या पंचाने... येत्या पूजेआधी मी तो परत आणून ठेवणार होतो. तिची सही झाली की."

"सही कशाला हवी होती?" खडकाने दरडावलं.

"एक हॉटेलवाला आहे. तिन्ही घरं एक करून द्या म्हणतो, मधल्या भिंती काढून. तुम्ही माझं ऐकता, दाइ, तुम्हाला मी समजावलं असतं. ही ऐकेना. तीनदा विचारलं तिला. म्हणाली, नवऱ्याचं घर आहे, मरेन पण सोडणार नाही."

"त्या भिंती काढल्या असत्यात," रजनी म्हणाली, "तर हॉटेलात पहिला पाहुणा यायच्या आत कौलं तळमजल्यावर आली असती. त्यांच्यावरच तर सगळं उभं आहे."

खडकाने त्याला दंडाला धरून नेलं. चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायची वेळ आपल्यावर आली होती, हे त्याला आता उमगलं असावं. चौकातून जाताना खडका सुकुमायाकडे बघू शकला नाही.

बेखारत्नने विचारलं, "त्याला खाली कसा आणायचा?"

"मधल्या बाजूने नाही," रजनी म्हणाली. "तिकडून आणखी एक वीट हलवली तर भिंत बसेल. या माळ्यावरूनच घ्यावा लागेल. आणि हात तुमचेच लागतील, काका. आता दुसरं कुणी नाही."

म्हातारा उठला. गुडघे धरत सुकुमायाच्या दाराशी गेला. बारा वर्षांत त्याने तो उंबरा ओलांडला नव्हता, भावाचं प्रेत बाहेर काढतानाही तो चौकातच उभा राहिला होता. सुकुमाया दारात आली. तिने वाट दिली नाही.

"बुहारी, वर जायचंय," तो म्हणाला.

"कुणाच्या घरातून, जेठाजु?" तिने थोरल्या दिराला विचारलं.

त्याने मान खाली घातली. "तुझ्या."

"काल मला चोर म्हणालात ते सगळ्या चौकाने ऐकलं. हेही ऐकू दे त्यांना."

आजूबाजूच्या खिडक्यांतून माणसं वाकून बघत होती. बेखारत्न वळला.

"ऐका रे सगळे! पूर्वेचा वाटा सुकुमायाचा आहे. जमिनीपासून कौलापर्यंत. तिच्यामागे तिच्या मुलीचा. मी तिला चोर म्हणालो, ते खोटं होतं."

सुकुमाया तोंडाला पदर लावून रडली, काल सकाळपासून पहिल्यांदाच. मग डोळे पुसून ती दारातून बाजूला झाली.

"या," ती म्हणाली. "वर जिना नाही, शिडी आहे. मी खालून धरते. सावकाश चढा."